पालखीत काय ठेवायचं

भरलेली पालखी सरळ चालते. रिकामी पालखी डुलते, आणि भोई म्हणतात की तीच जास्त जड लागते.

शाळेतल्या नकाशात इंग्रजांचा मुलूख तांबडा होता आणि संस्थानं पिवळी. भाद्रपदात चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, “मास्तर, आपण आता कुठल्या रंगाचे?” मी तिला खडूचा डबा आणायला सांगितला. डब्यात पांढराच खडू होता.

आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की जिलबी.

माझे सासरे भर उन्हात छत्री मिटून उभे राहत आणि मध्येच कधीतरी ती उघडत. लोक म्हणायचे, वय झालं.

*

“मुलगी झालीया,” इभ्राम जमादार पुलाच्या कठड्याला म्हणाला. “पहाटं. नाकीडोळी चांगली हाय म्हणत्यात.”

त्या मुलीचा बाप मी, त्या कठड्याला टेकूनच उभा होतो. इभ्राम हा भैरवाडी संस्थानचा नाकेदार, आणि मी करवंदे प्रजासत्ताकाचा परराष्ट्रमंत्री. करवंदे प्रजासत्ताक नावाची चीज जगात नाही, तेव्हा तिच्या कुठल्याही अंमलदाराशी बोलायचं नाही, असा त्याला हुकूम होता. कठड्याशी बोलायला मनाई नव्हती.

“आणि आई?” मी कठड्याला विचारलं.

“ताप हाय. अंग भाजतंया.” त्यानं माझ्याकडं न बघता मिशीवरून हात फिरवला. “बाईंनी इचारलंय, येनार कदी. म्या काय सांगू त्यास्नी? म्या तर कुनाला बघितलंच न्हाई.”

पुलाखालून नदी चालली होती. ती दोन्ही राज्यांची होती आणि तिला कुणी परवाना मागत नव्हतं.

*

आमचं राज्य एका घाटाचं. पंचवीसेक गावं, एक बाजार, सातवीपर्यंतची शाळा. देश स्वतंत्र झाला त्याच आठवड्यात आमच्या राजेसाहेबांनी देवळासमोर जाहीर केलं की राज्य रयतेचं आहे, रयतेनं सांभाळावं. मग ते शिक्का, तलवार आणि ग्रामोफोन घेऊन पुण्याला गेले. आम्ही हात वर करून आबाजी येळवंड्यांना अध्यक्ष केलं. आबा बेचाळीसात तुरुंगात गेले होते आणि त्याच्या आधी कुस्तीत भैरवाडीचे दोन पैलवान त्यांनी आस्मान दाखवून परत पाठवले होते. एवढी पात्रता पुष्कळ झाली.

“मास्तर,” आबा मला म्हणाले, “तुमची सासुरवाडी भैरवाडीची. सासरा तितला कारभारी. परराष्ट्र खातं तुमच्याकडं.”

“आबा, मला परराष्ट्रातलं काय कळतं?”

“भूगोल शिकवता न्हवं?”

घाटातून बाहेर पडायला एकच वाट, या पुलावरून, भैरवाडीच्या हद्दीतून. भैरवाडीत राजपुत्र लहान होता आणि कारभार विधवा बाईसाहेब बघत. त्यांनी हुकूम काढला: करवंद्याचा माणूस पूल ओलांडणार तर त्याच्या परवान्यावर करवंदेकर राजेसाहेबांचा शिक्का हवा. शिक्का पुण्यात. तो नसेल तर नाक्यावरच्या वहीत एक ओळ लिहायची, ‘मी करवंदेकर राजेसाहेबांची रयत’, खाली सही करायची आणि खुशाल जायचं.

आबांनी गावोगाव निरोप धाडला: ती ओळ कुणी लिहायची नाही. ती लिहिली की आपण जे झालो ते झालोच नाही. लोकांनी मिठाशिवाय जेवून दाखवलं, पण लिहिलं नाही. आम्ही दिल्लीला दोन अर्ज पाठवले. दिल्लीला त्या वर्षी दुसरी कामं होती.

माझी बायको शरयू आषाढातच बाळंतपणाला माहेरी गेली होती. तेव्हा पूल नुसता पूल होता.

*

तात्यासाहेब टिपणीस, माझे सासरे, पुलाच्या मध्यापर्यंत येत, पुढं येत नसत. त्या दिवशी आले तेव्हा ऊन रखरखीत होतं आणि छत्री बगलेत मिटलेली.

“करवंदे नावाचं संस्थान बाईसाहेब ओळखतात,” ते म्हणाले. “करवंदे प्रजासत्ताक ओळखत नाहीत. नवं राज्य मान्य करायचं तर आम्हाला दिल्लीला विचारावं लागेल. दिल्लीला विचारलं तर दिल्ली आम्हालाच विचारील की तुम्ही अजून कसे. तेव्हा विचारायचं नाही असं ठरलं आहे.”

“आणि दसऱ्याला?”

दसऱ्याला दोन्ही राज्यांच्या पालख्या पुलाच्या दोन टोकांना येत. भैरवाडीच्या पालखीत बाळराजांची तलवार असे, आमच्या पालखीत राजेसाहेब नाहीतर त्यांची तलवार. दोन्हीकडचे कारभारी मध्यावर येऊन एकमेकांना आपट्याची पानं देत. सोनं दिलं-घेतलं की पुढल्या दसऱ्यापर्यंत ही दोन राज्यं एकमेकांना धरून. आमची सगळी भिस्त त्या पानांवर होती. आमच्या हातून त्यांनी सोनं घेतलं असतं तर पुलावरचा हुकूम आपोआप गळून पडला असता.

“दसऱ्याला पालखी रीतसर आली तर सोनं देऊ घेऊ,” तात्यासाहेब म्हणाले. “राजा किंवा राजाची तलवार. तिसरं काही पालखीत बसत नाही.”

“दोन्ही पुण्याला आहेत.”

“ते तुमचं तुम्ही बघा.”

मग त्यांनी छत्री उघडली. कोटाच्या खिशातून केळीच्या पानाचा पुडा काढून माझ्या हातात दिला. “घ्या. जिलबी. नात झाली मला.”

मी पुडा सोडला. जिलबी खिशात मोडली होती.

“शरयू कशी आहे?”

“ताप उतरत नाही. वैद्य म्हणतात, उतरेल. वैद्य दुसरं काय म्हणणार? तुमची वाट बघते असं मी सांगणार नाही, जावईबापू, तुम्ही शेफाराल.”

“तात्यासाहेब, मला एक दिवस येऊ द्या. पाहून परत जातो.”

“नाक्यावर दौत आहे, टाक आहे. ओळ लिहा आणि या. कुणी हसणार नाही. हसलं तर मी बघून घेईन.”

“तुम्ही लिहिली असती?”

माझ्याच पुड्यातला एक तुकडा उचलून त्यांनी तोंडात टाकला.

“आणि त्या दसऱ्याचं एवढं काय घेऊन बसलात?” ते म्हणाले. “आहे काय तुमच्याकडे पालखीत ठेवायला? रिकामीच आणा. तेवढी एकच वस्तू तुमच्याजवळ धड आहे.”

मला ते झोंबलं. जिलबीचा पुडा मी तसाच बांधून घरी आणला, आणि कुणाला दिला नाही.

*

देवळात बैठक बसली.

एकजण म्हणाला, पालखीत चरखा ठेवू. दुसरा म्हणाला, चरखा चालवता कुणाला येतो? तेलाच्या घाणेवाल्यानं सुचवलं, आपली घटना ठेवू. आबा म्हणाले, घटना अजून दीड पान झाली आहे आणि त्यातलं अर्धं पान खोडलेलं आहे. मत टाकण्यासाठी ठेवलेला तुपाचा डबा कुणीतरी पुढं सरकवला. त्याला अजून तुपाचा वास होता आणि त्यात अजून एकही मत पडलं नव्हतं.

“आबा, तुमीच बसा की पालखीत,” मागून आवाज आला.

“म्या बसलो की झालो राजा,” आबा म्हणाले. “मग तुरुंगात काय ढेकणं मोजाया गेल्तो?”

लोक हसले. मी तात्यासाहेबांचं बोलणं सांगितलं. राग आला होता म्हणूनच सांगितलं, की बघा, आपली काय किंमत केली.

कुणी हसलं नाही. आबांनी तुपाचा डबा बाजूला सरकवला.

“रिकामी,” ते म्हणाले. “मास्तर, टोमणा मारला खरा, पर बोलला ब्येस. राजा न्हाई, ह्येच तर आपल्याला सांगायचं हाय. मग लपवायचं कशापायी? रिकामीच न्येऊ.”

सगळ्यांना ते एकदम पटलं. पालखीचा दांडा पुन्हा तेल लावून काळा कुळकुळीत केला. गाद्या उन्हात घातल्या. बायकांनी झेंडूच्या माळा केल्या. आत काही नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून पडदे काढून टाकले. मी तर माझ्या शाळेतल्या मुलांना सांगितलं, जगात पहिल्यांदाच अशी पालखी निघते आहे. भूगोलाच्या मास्तरानं जगाबद्दल इतकं बिनधास्त बोलू नये.

*

दसऱ्याला तिसऱ्या प्रहरी आम्ही पुलाशी पोचलो. समोर भैरवाडीची पालखी, जरीपटका, तुतारीवाले. तात्यासाहेब तबकात आपट्याची पानं घेऊन उभे, छत्री मिटलेली. आमच्या बाजूनं आबा पुढं, हातात पानांची जुडी. मी त्यांच्या मागं. पलीकडं झाडीत तात्यासाहेबांच्या वाड्याचं छप्पर दिसत होतं. त्या छपराखाली माझी बायको तापात पडली होती आणि माझी मुलगी मी अजून पाहिली नव्हती. पानं दिली की संध्याकाळच्या आत मी तिथं असेन, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता.

त्यांची तुतारी सुरू झाली. आमची पालखी वळणावरून पुढं आली, डुलत डुलत, झेंडूनं भरलेली, आत मोकळी गादी.

तुतारी मध्येच बंद पडली.

तात्यासाहेबांनी पालखीकडं पाहिलं. मग तबक मागच्या माणसाच्या हातात दिलं. कुणाला तरी खूण केली. जरीपटका खाली आला. त्यांच्या नगाऱ्यावर पांढरं कापड पडलं. आणि भैरवाडीची माणसं एक-एक करून डोक्यावरची पागोटी-टोप्या काढू लागली.

“सोनं नाही,” तात्यासाहेब म्हणाले. “सुतक आहे.”

“कुनाचं सुतक?” आबांनी विचारलं.

त्यांची पालखी वळली आणि गेली. आबांच्या हातात पानं तशीच राहिली.

परतताना एक म्हातारी म्हणाली, सणाच्या दिवशी तोंडावर सुतक म्हणाले मेले. गावात शिरताना पोरांनी पालखीवरची फुलं ओरबाडली, तर कुणी त्यांना रागावलंही नाही.

मी गावात गेलो नाही. वाटेतून परत फिरलो.

*

नाक्यावर दिवेलागण झाली नव्हती. वही उघडीच होती. कोऱ्या पानावर ओळी आखलेल्या, वर्षानुवर्षं आखाव्यात तशा. मी टाक उचलला. आबांचा चेहरा आठवत होता आणि छपराखालचा न पाहिलेला चेहराही. दुसरा जास्त स्पष्ट होता.

इभ्राम जमादार कठड्याशी जाऊन उभा राहिला.

“शाई वाळलीया,” तो कठड्याला म्हणाला. “उद्या भरू म्हनावं.”

मी दौतीत पाहिलं. दौत गळ्यापर्यंत भरलेली होती.

“ताप जरा उतरलाय,” तो म्हणाला. “दुपारी भात खाल्ला. म्या काय बघाया गेलो न्हवतो. आपलं कानावर आलं.”

मी टाक ठेवला आणि घरी आलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला: करवंद्याच्या माणसांनी पुलावर यावं. कोणी यावं ते सांगितलं नव्हतं, म्हणून सगळेच गेले.

पलीकडून पांढऱ्या कापडानं झाकलेला नगारा संथ वाजत आला. मागं तात्यासाहेब, अनवाणी. त्यांच्यामागं दोन हुजऱ्यांच्या हातांत तबक. पुलाच्या मध्याशी ते थांबले नाहीत. सरळ आमच्या टोकापर्यंत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना या टोकाला पाहिलं नव्हतं.

तबकावरचा रुमाल काढला. आत पांढरा शेला आणि पांढरं पागोटं.

“श्रीमंत बाईसाहेबांकडून दुखवटा,” ते म्हणाले. “करवंद्याची गादी मोकळी झाली, त्याबद्दल.”

आबा गोंधळले. “तात्यासायेब, आमचं राजेसायेब जित्तं हायती. पुण्यात हायती. रेस खेळत्यात.”

“असतील. दीर्घायुषी होवोत.” तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “आमच्याकडे रिकामी पालखी शिवेवर आली की गादीचा धनी गेला असं धरतात आणि दुखवटा पाठवतात. माझ्या आज्याच्या आधीपासूनचा रिवाज आहे. रिवाजाला नाडी बघावी लागत नाही.”

“पर ह्ये घेऊन आमी करायचं काय?”

“दुखवटा वारसाला देतात. ज्यानं घेतला तो करवंद्याचा धनी, आणि भैरवाडीचा व्यवहार त्याच्याशी.” त्यांनी आवाज थोडा खाली आणला. “बाईसाहेब म्हणाल्या, नवं काही मान्य करायचं तर आम्हाला दिल्लीला विचारावं लागतं. जुनं गेलं त्याचं दुःख करायला कुणाला विचारावं लागत नाही.”

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पुलावर ‘रिकामीच आणा’ म्हणाले होते, तेव्हा छत्री उघडी होती. छत्री मिटून बोलत ते कारभारी, उघडून बोलत ते सासरे.

तात्यासाहेबांनी पागोटं दोन्ही हातांनी उचललं. “वारस कोण?”

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबा एक पाऊल पुढं झाले आणि थबकले. त्यांना जे दिसलं ते मलाही दिसलं. पागोटं एका डोक्यावर बसतं. आबांनी मान वाकवली की ते गादीवरचे दुसरे राजे, आणि नाही वाकवली तर दुखवटा परत, हुकूम कायम, पूल बंद. पलीकडं ते छप्पर होतं. मी मनात म्हणत होतो, वाकवा आबा. मी ते मोठ्यानं म्हणालो नाही, पण आबांनी एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

“द्या इकडं,” ते म्हणाले. त्यांनी पागोटं डोक्यावर न घेता हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. “बांधलंय झ्याक. तात्यासायेब, ह्ये सोडलं तर चालंल न्हवं?”

“सोडलं म्हणजे?”

आबांनी पागोट्याचं टोक शोधलं आणि ओढलं. एक वेटोळं सुटलं, दुसरं सुटलं. ते टोक त्यांनी शेजारच्या घाणेवाल्याच्या हातात दिलं. “धर, आन् म्होरं सरक.” घाणेवाला सरकला. मग भोई, मग गुरवाची सून, मग ती म्हातारी जी आदल्या दिवशी मेले म्हणाली होती. मलमल बारीक होती, संपता संपत नव्हती. पुलावर जागा पुरेना तेव्हा ती घाटाच्या वाटेवर चढली. माझ्या हातातही आली. गार होती. मी धरली आणि पुढच्याकडं दिली.

शेवटी आबांच्या हातात दुसरं टोक राहिलं. पुलापासून वळणापर्यंत माणसं एका पांढऱ्या कापडाला धरून उभी होती.

“वारस ह्ये,” आबा म्हणाले. “एका डोस्क्यावर न्हाई मावायचं.”

तात्यासाहेब त्या रांगेकडं पाहत राहिले. एक हुजऱ्या काहीतरी बोलणार होता, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मग त्यांनी शेला घडी उलगडून आबांच्या दोन्ही हातांवर ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. आबांना केला, आणि मग वळणापर्यंतच्या रांगेलाही केला.

“भैरवाडी करवंद्याच्या दुःखात सहभागी आहे,” ते म्हणाले. “नाका मोकळा समजा.”

कुणी ओरडलं नाही. दुखवट्यात ओरडतात थोडंच? पण घाणेवाल्याचे दात दिसत होते आणि ते झाकायला त्याच्याकडं मोकळा हात नव्हता.

तात्यासाहेबांनी हुजऱ्याकडून छत्री घेतली आणि उघडली.

“जावईबापू, चला. मुलगी तुमच्यावर गेली आहे. नाक सोडून, देवाची कृपा.”

नाक्यावर इभ्राम जमादारानं टाचा जुळवल्या. पहिल्यांदाच त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“नाव?” त्यानं विचारलं.

“इभ्राम, तू मला ओळखत नाहीस?”

“कठड्याला वळखत व्हतो. तुमास्नी आजच बघतुया.” त्यानं वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढं, जीभ बाहेर काढून, सावकाश: परदेशी.

*

खोलीत शेक-शेगडीचा आणि ओव्याचा वास होता. शरयू भिंतीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, केस घामानं कपाळाला चिकटलेले. बाळ तिच्या मांडीआड होतं.

“सही करून आलात?” तिनं विचारलं. आधी हेच विचारलं.

“नाही.”

“मग कसे आलात?”

“राजेसाहेब वारले.”

“अगंबाई. कधी?”

“काल. पालखीत.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, दाराबाहेर छत्री मिटून कोपऱ्यात ठेवणाऱ्या आपल्या वडलांकडं पाहिलं. तिला समजलं की नाही ते मला कधी नीट कळलं नाही. मी खूप वर्षांनी विचारलं तेव्हा म्हणाली, ताप होता, मला काही आठवत नाही.

“म्हणजे मला सोयर आणि तुम्हाला सुतक,” ती म्हणाली. “दोघांनाही देवाला शिवायचं नाही. मग बसा इथंच. पाय धुतलेत?”

मी पाय धुऊन आलो. मांडी घातली. तिनं मुलीला दोन्ही हातांनी उचललं, मान कशी धरायची ते दाखवलं, आणि मी ती तशी धरली आहे याची खात्री होईपर्यंत आपला हात काढला नाही.

आमचं राज्य मुंबई प्रांतात विलीन करण्याच्या कागदावर राजेसाहेबांनी पुण्यात सही केली, ती दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी.